तोफेच्या पोटात

आमच्या शेजारच्या चष्मेवाल्यांना सगळी गल्ली 'बहुधा' म्हणते. हे नाव मी ठेवलं असा माझ्यावर आळ आहे, आणि तो आळ मी कधी खोडून काढलेला नाही. चांगल्या कामाचं श्रेय कोण सोडतं? त्यांना विचारा, आज पाऊस पडेल का? "बहुधा." चहा घेणार का? "बहुधा घेईन." तुमचं लग्न झालंय का, असं कुणी विचारलं तर बायको शेजारी उभी असतानाही हे गृहस्थ आधी चष्मा पुसतील, तिच्याकडे नीट बघतील आणि मगच काय ते बोलतील.

माणूस चेष्टेचा आहे, पण त्याच्यावर जो प्रसंग आला तो चेष्टेचा नव्हता. बागेतल्या त्या सकाळची आठवण झाली की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आमचे हे म्हणतात, "तू लिहून टाक एकदाचं, म्हणजे निदान जेवताना तरी ऐकावं लागणार नाही." म्हणून लिहितेय.

चष्म्याचं दुकान आमच्या जिन्याखाली आहे. पुढे काचेचं कपाट, त्यात चष्म्याच्या रिकाम्या फ्रेमा, आणि मागे काळ्या पडद्याआड डोळे तपासायची खोली. खोली इतकी आखूड की अक्षरांचा तक्ता गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे टांगलाय आणि तो समोरच्या आरशात वाचायचा. खुर्चीच्या हातावरचं रेक्झिन फाटलंय, त्यातून स्पंज डोकावतो. नंबर सांगताना घाबरलेली माणसं तो कुरतडतात. भाऊजी (मी त्यांना भाऊजी म्हणते, कारण त्यांच्या बायकोला मी ताई मानते) एकेक भिंग सरकवत विचारतात, "हे बरं, की हे बरं? आता? आणि आता?" दुसरा एखादा चष्मेवाला दहा गिऱ्हाइकं उरकेल तोवर यांचं एक होतं. आणि एवढं करून नंबर देत नाहीतच! "उद्या परत या. डोळा आज थकलाय, उद्या तो खरं बोलेल." दोन दिवस डोळा एकच सांगेल तेव्हाच काच कापायला घेणार. त्यामुळे लोक कंटाळतात, शिव्या घालतात, आणि चष्मा मात्र त्यांच्याकडूनच करून घेतात.

आता या माणसाला युद्धातल्या गाड्यांचं वेड कसं लागलं, ते सांगायला हवं. त्यासाठी त्यांच्या वडिलांपासून सुरुवात करते.

वडील सुतार. त्याआधी पायदळात शिपाई. युद्धावरून हातपाय शाबूत घेऊन परतले आणि पुढे आयुष्यभर खुर्च्या-पलंग केले. युद्धाबद्दल ते एकच गोष्ट सांगायचे. उघड्या माळावर रणगाड्यांमागून पायी चालत गेलेली त्यांची तुकडी अर्धी कापली गेली होती. रणगाड्यातल्यांना चिलखत, पायी चालणाऱ्याच्या अंगावर काय? सुती सदरा. त्यानंतरच्या हल्ल्याला मात्र वरिष्ठांना कुठून तरी शहाणपण सुचलं. "आम्हाला चालवलं नाही," वडील सांगायचे, "तोफेच्या पोटात बसवून नेलं. गुडघे छातीशी घेऊन बसलो होतो. बाहेरचं काही दिसत नव्हतं, नुसतं वर आभाळ. बाहेर गारा पडाव्यात तशा गोळ्या पत्र्यावर वाजत होत्या, आणि आम्ही आत जिवंत."

न्हाव्याच्या दुकानात बसलेल्या शहाण्यांना ही गोष्ट फारच विनोदी वाटली. "तोफेच्या पोटात? मग उडवलं कसं तुम्हाला, बत्ती लावून?" "आणि पडलात कुठे? सासुरवाडीत?" हसून हसून लोळले मेले. ज्यांनी आयुष्यात उंदीर मारताना बायकोला पुढे केलं, ते युद्धावरून आलेल्या माणसाला हसत होते! त्या दिवसापासून सुतारबुवांचं नाव 'थापाड्या' पडलं. शाळेत भाऊजींना पोरं 'गोळ्याचं पिल्लू' म्हणायची. वडिलांनी गोष्ट सांगणं थांबवलं. मग हळूहळू बाकीचं बोलणंही आटलं. म्हातारपणी नातवंडांनी "आजोबा, युद्धाचं सांगा ना" म्हटलं, की ते रंधा उचलायचे आणि लाकूड नसलं तरी अंगठ्याने पातं चाचपत बसायचे. गेले तेव्हा न्हाव्याच्या दुकानातला एकजण स्मशानातून येताना म्हणाला, "बिचारा थापाड्या." त्याला मी तिथंच सुनावलं असतं, पण आमच्या ह्यांनी माझा हात धरून ठेवला होता. हा माणूस नको तिथेच हात धरतो.

वडील गेले आणि भाऊजींनी शोध सुरू केला. घरात कुणाला सांगितलं नाही, पण आमच्या आणि त्यांच्या स्वयंपाकघरात एकच भिंत आहे आणि ती भिंत मन मोकळं करणारी आहे. मी कान लावत नाही. कान आपापले जातात.

युद्धाची जुनी छायाचित्रं ते कुठून कुठून मागवायचे आणि दुकानातल्या सगळ्यात मोठ्या भिंगाखाली धरायचे. शेवटी त्यांना उलगडलं ते असं: त्या युद्धात एक तोफगाडी होती. साखळीपट्ट्यांवर चालायची, चारी बाजूंनी चिलखत, वरून उघडी, आणि पुढच्या खाचेतून भलीमोठी तोफ बाहेर आलेली. अशा काही गाड्या तोफखान्याला नकोशा झाल्या होत्या, त्यांच्या जागी नव्या तोफा आल्या होत्या. तेव्हा आघाडीमागच्या कारखान्यात मिस्त्र्यांनी त्यातल्या तोफा उचकटून काढल्या, गोळे ठेवायचे कप्पे काढले, पुढची खाच पत्र्याने बंद केली आणि त्या पोकळीत शिपाई बसवले. तोफगाडीची झाली माणसं नेणारी चिलखती गाडी. म्हणजे तोफेचं पोट! सुतारबुवा अक्षर न् अक्षर खरं बोलत होते.

आणि गंमत बघा, अशीच एक गाडी आमच्या बागेच्या कोपऱ्यात चौथऱ्यावर उभी होती. युद्ध संपल्यावर कुणी आणून ठेवली, कुणाला ठाऊक नाही. पुढे तोफ नाही, नुसता पत्रा. म्हणून पोरं तिला 'थोटी' म्हणायची. वर पालापाचोळा पडू नये म्हणून फळ्या टाकलेल्या, भोवती लोखंडी कठडा. आम्ही सगळ्यांनी तिच्यासमोर बसून दाणे खाल्ले, पण ही थोटी का, असा प्रश्न एकालाही पडला नाही. सुतारबुवा मात्र बागेत आले की तिच्याकडे पाठ करून बसायचे. हे मला आता आठवतं.

भाऊजींना पाहिजे होती फक्त खात्री. छायाचित्रं झाली, आता माणसं हवी होती. मग त्यांनी काय करावं? म्हातारं गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की आरशातला तक्ता दाखवत विचारायचे, "खालून तिसरी ओळ वाचा. हे बरं की हे बरं? युद्धात कुठे होतात?" एका आजीबाईंनी घाबरून सांगितलं, "मी काही केलं नाही हो!" पण एक दिवस नेमका मासा गळाला लागला. लष्करी कारखान्यातला निवृत्त मिस्त्री. मोतीबिंदू इतका पिकलेला की समोर आरसा आहे हेच त्याला कळेना. तो म्हणाला, "केल्यात ना, तोफा काढून गाड्या केल्यात! चांगलं पोलाद होतं कुठे पुढची भोकं बुजवायला? दोन साधे पत्रे लावले आणि मधल्या फटीत वाळू ठासली. समुद्रकाठची वाळू. तिच्यात शिंपल्यांचे तुकडे होते, आठवडाभर माझ्या बुटात टोचत होते."

भाऊजी आनंदाने त्याचा नंबर काढायचाच विसरले, असं ताईंनी मला सांगितलं. पण थोड्याच दिवसांत त्याच कारखान्यातला दुसरा म्हातारा आला आणि म्हणाला, "वाळू? छे! लाकडाचे ठोकळे घातले होते. मी स्वतः कापले."

झालं! दोन डोळे, दोन नंबर. आता नक्की करायचं तर बागेतल्या गाडीत उतरून त्या पत्र्याचा जोड आतून भिंगाने बघायला हवा. भाऊजींनी बाग सुशोभीकरण समितीकडे परवानगी मागितली. समितीचे अध्यक्ष म्हणजे आमचे फरशीवाले. कोपऱ्यावर त्यांचं फरश्यांचं दुकान आहे आणि बागेत जिथं पूर्वी गवत होतं तिथं आता त्यांच्याच दुकानातल्या निसरड्या फरश्या आहेत. ते म्हणाले, "आत पडलात बिडलात तर जबाबदार कोण?" त्यांच्या फरश्यांवर निम्मं गाव पडलं तेव्हा हा प्रश्न त्यांना सुचला नव्हता! पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. भाऊजींची वर्षं गेली कठड्याबाहेरून वाकून बघण्यात. मी म्हणायचे, "भाऊजी, टाका टांग आणि जा आत. मी शिट्टी वाजवते कुणी आलं तर." ते म्हणायचे, "वहिनी, परवानगी नाही ना." आता अशा माणसाचं काय करावं? लोणचंसुद्धा घालता येत नाही.

आणि मग समितीला कल्पना सुचली. बागेचं नवं प्रवेशद्वार होणार होतं, उद्घाटनाला मोठी माणसं येणार होती. अध्यक्षांचं म्हणणं, "मोठी माणसं येणार आणि आपण त्यांना थोटी तोफ दाखवणार? सोंडेशिवायचा हत्ती!" त्यांनी एका जाहिरातवाल्याकडे तोफ करायला दिली. फायबरची. हाच तो कारागीर, ज्याने आइस्क्रीमच्या दुकानापुढे माणसाएवढा कोन उभा केलाय. आता गाडीच्या पुढचा पत्रा कापून टाकायचा आणि तिथं ही फायबरची नळी बसवायची, असं ठरलं. अध्यक्षांचा सिद्धांत असा की मूळ तोफ भंगारचोरांनी पळवली आणि भोक वाईट दिसतं म्हणून कुणीतरी पत्रा ठोकला. कशावरून? ते म्हणतात म्हणून!

त्याबद्दलची सभा वाचनालयाच्या दालनात झाली. मी पुढच्याच रांगेत बसले. ताई शेजारी, विणकाम घेऊन. भाऊजी उठले, चष्मा पुसला आणि सगळं सांगितलं. काय सुंदर सांगितलं! पायी चालणारी माणसं, सुती सदरे, कारखान्यातले मिस्त्री, उचकटलेल्या तोफा. मागच्या रांगेतली कुजबुजसुद्धा थांबली. "तो पत्रा म्हणजे चोरी झाकायचं ठिगळ नाही," ते म्हणाले, "त्याच्या मागे माणसं बसायची. तो कापला तर ही गाडी परत नुसती तोफ होईल, तीही खोटी."

सभेचा रंग बदलला होता. मला दिसत होतं. अध्यक्षांनाही दिसलं असणार, कारण ते फरशीचा भाव सांगताना हसतात तसं हसले.

"छान माहिती दिलीत. मग ही गाडी त्यातलीच आहे? तुमची पक्की खात्री आहे?"

हो म्हणा, मी मनात म्हटलं. अहो हो म्हणा! ताईंच्या सुया थांबल्या.

भाऊजींनी खाली बघितलं. "बहुधा," ते म्हणाले.

"बहुधा?"

"म्हणजे... आतून पाहिलेली नाही. एकजण वाळू म्हणतो, एकजण लाकूड म्हणतो. बहुधा त्यातलीच."

"बहुधावर समिती चालत नाही हो!" अध्यक्ष म्हणाले, आणि सगळे हसले. तेच हसू, न्हाव्याच्या दुकानातलं. नुसती तोंडं बदललेली. हात वर झाले, ठराव झाला. आत बघू द्यायचं नाही ह्यांनीच, आणि आत पाहिलं नाही म्हणून हसायचंही ह्यांनीच! चोर तो चोर वर शिरजोर, दुसरं काय.

त्या संध्याकाळी भिंतीला कान लावायची गरजच पडली नाही. ताईंचा आवाज थेट आमच्या वरणात पडत होता.

"एकदा 'हो' म्हणाला असतात तर जीभ झडली असती का?"

"पाहिल्याशिवाय नंबर कसा देऊ?"

"इथं कुणाला चष्मा हवा होता? तुमच्या बापाला थापाड्या म्हणतात लोक!"

मग भाऊजींचा आवाज आला, इतका हळू की मला खरोखरच भिंतीजवळ जावं लागलं. "म्हणूनच. बाबांनी कधी थाप मारली नाही. त्यांच्या नावावर मी पहिली कशी मारू?"

यावर ताईंनी भांडं आपटलं. इकडे मीही एक आपटलं. मला ताईंचं पटत होतं आणि भाऊजींचंही, आणि दोन्ही पटलं की राग कुणावर काढायचा कळत नाही; मग तो आमच्या ह्यांच्यावर निघाला.

कापायचा दिवस उजाडला. सकाळची वेळ, बागेत फिरायला येणारे सगळे जमलेले: दूधवाला सायकल धरून, शाळेतल्या निवृत्त बाई शबनम पिशवी लावून, न्हावी (जुन्याचा मुलगा) गिऱ्हाईक अर्धवट सोडून आलेला, ते गिऱ्हाईकही गालाला साबण लावून मागे उभं. फायबरची तोफ ट्रकमध्ये आडवी पडलेली. तिच्या रंगावरून ती आइस्क्रीमच्या कोनाची धाकटी बहीण आहे हे कुणालाही कळलं असतं. कठड्याचं दार उघडलेलं, गाडीवरच्या फळ्या काढलेल्या. इतकी वर्षं जे दार भाऊजींसाठी उघडलं नाही, ते कापणाऱ्यासाठी उघडलं!

गॅसकटरवाल्याने डोळ्यांवर काळा चष्मा चढवला आणि ज्योत पत्र्याला लावली. ठिणग्या उडाल्या. भाऊजी कठड्याला धरून उभे होते, तोंड असं की दात उपटतायत त्यांचाच. पत्र्यावर वीतभर चीर पडली, आणि कटरवाला एकदम मागे उडी मारून ओरडला, "अरे, हे काय!"

चिरेतून वाळू गळत होती. आधी चिमूटभर, मग धार लागली. कटरवाल्याच्या बुटांवर ढीग झाला.

"पोरांनी भरली असेल," अध्यक्ष म्हणाले. "खेळायच्या हौदातली."

आता खेळायच्या हौदातली वाळू लाल आहे. बागेत येणाऱ्या प्रत्येक आईला ती पोरांच्या चड्डीतून धुवावी लागते, तेव्हा मला सांगायला नको. ही होती करडी, जाड. आणि बंद पत्र्याआड पोरं वाळू भरतील कशी, नळीने फुंकून?

मी तोंड उघडणार, एवढ्यात भाऊजी आत गेले. परवानगी न विचारता! गुडघ्यावर बसले, वाळू तळहातावर घेतली, बोटाने पसरली आणि त्यातून काहीतरी उचललं. सदऱ्याच्या टोकाला पुसलं, खिशातलं भिंग डोळ्याला लावलं. एकदा बघितलं. मग उजेडाकडे वळून पुन्हा बघितलं. हे बरं, की हे बरं.

"शिंपला," ते म्हणाले. मग उठून उभे राहिले आणि ओरडले. होय, ओरडले! इतक्या वर्षांच्या शेजारात मी त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता. "समुद्राची वाळू आहे ही! दोन पत्रे आणि मध्ये वाळू! मोडक्या तोफेला कुणी असं चिलखत घालतं का? आत माणसं बसायची म्हणून घातलं! माझी खात्री आहे. ऐकलंत? खात्री आहे! थांबवा हे!"

साबण लावलेलं गिऱ्हाईक गालावरचा साबण विसरून दोन पावलं पुढे आलं.

अध्यक्षांनी घसा खाकरला. "आता खात्री होऊन काय उपयोग? सभेत विचारलं तेव्हा व्हायला हवी होती. ठराव झालाय, तोफ आलीये, ट्रक उभा आहे. वाळू निघो नाहीतर साखर निघो. चला हो, कापा पुढे."

बघा! खात्री नव्हती तेव्हा खात्री पाहिजे होती, आणि खात्री झाली तर ती शिळी झाली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. काय बोलू आणि कुठून सुरुवात करू ते सुचेना, आणि मला बोलायला न सुचणं ही आमच्या गल्लीत ग्रहणापेक्षा दुर्मिळ गोष्ट आहे.

पण ताई बोलल्याच नाहीत. विणकामाची पिशवी खांद्याला अडकवली, कटरवाल्याला म्हणाल्या, "जरा बाजूला हो रे, भाऊ," साखळीपट्ट्यावर पाय दिला, गाडीच्या काठावर चढल्या आणि आत दिसेनाशा झाल्या. नुसता आवाज आला: "माणसं बसायची जागा आहे ना? मग मी बसते."

"अहो बाई, उतरा! बाहेर या!" अध्यक्ष.

"माझा मोजा टाचेपर्यंत आलाय. टाच झाली की बघू."

मग मी मागे राहीन? माझं वजन आणि माझे गुडघे यांचा विचार न करता मी चढले. दूधवाल्याने खालून ढकललं, त्याबद्दल त्याचे आभार. ढकलताना तो जे पुटपुटला ते मात्र मी ऐकलंय आणि त्याचा हिशेब नंतर होईल. माझ्यामागून निवृत्त बाई आल्या. मग दूधवाला. मग, विश्वास बसणार नाही, न्हावी आला, आणि गालाला साबण लावलेलं गिऱ्हाईक त्याच्यामागे, कारण त्याची निम्मी दाढी अजून व्हायची होती. आत बाक नव्हता. भिंतीला पाठ लावून, दाटीवाटीने, गुडघे छातीशी घेऊन बसायचं. उन्हाने तापू लागलेला पत्रा, जुन्या तेलाचा वास, कुणाचं कोपर कुणाच्या बरगडीत. बाहेरचं झाड दिसेना, बाग दिसेना, अध्यक्ष दिसेनात (हा एक फायदाच). मी मान वर केली. वर नुसतं आभाळ.

मी न्हाव्याकडे बघितलं. तोही वरच बघत होता. त्याच्या बापाच्या दुकानातली ती गोष्ट त्याने लहानपणी ऐकली असणार, हसूही ऐकलं असणार. मी त्याला दोन शब्द सुनावायला कितीतरी वर्षं राखून ठेवले होते. तेही मी गिळले.

सगळ्यात शेवटी भाऊजी आले. काठावर उभे राहून त्यांनी आम्हाला बघितलं, तोफेच्या पोटात कोंबलेले सहाजण. ताईंनी सरकून जागा केली. "या. नाहीतर म्हणाल, बहुधा बसेन."

ते बसले. बंद केलेल्या खाचेच्या आतल्या पत्र्यावर त्यांनी हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. बाहेरून अध्यक्षांनी चिडून काठीने पत्र्यावर टकटक केलं. आत तो आवाज असा घुमला की आम्ही सगळे एकदम दचकून खाली वाकलो. भाऊजी तेवढे वाकले नाहीत. डोळे मिटून त्यांनी तो आवाज ऐकला.

आत माणसं असताना कापणार कोण? कटरवाल्याने ज्योत विझवली आणि बिडी पेटवली. ट्रकवाल्याला दुसरं भाडं होतं. त्याने अध्यक्षांशी भांडून फायबरची तोफ फरश्यांवर उतरवली आणि तो निघून गेला. ती अजून तिथंच पडलीये, पोरं तिच्यावरून घसरगुंडी खेळतात. उद्घाटनाला आलेल्या मोठ्या माणसांनी "हे काय?" म्हणून विचारलं तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "मुलांसाठी खेळणं." मी तिथंच होते. फार आनंद झाला.

पण कापलेली वीतभर चीर ती चीरच. समितीने लांबी-पुट्टी भरून रंगवून देऊ म्हटलं, उपकार केल्यासारखं. भाऊजींनी नको म्हटलं. जी वाळू उरली ती गळू नये म्हणून चिरेवर काच बसवली, स्वतः कापून. आता कुणीही वाकून बघावं, वाळू दिसते, शिंपले दिसतात. तरी माझा राग जात नाही. जे बघायला एक फळी उचलायची होती ते बघण्यासाठी पत्रा फाडावा लागला! आणि सुतारबुवांना काय मिळालं? ते पाठ करून बसायचे तो बाक समितीने हलवला, तिथं आता फरश्या आहेत.

गाडीपुढे पाटी लावायची असंही ठरलं, आणि मजकूर भाऊजींनी द्यायचा. ही गोष्ट गेल्या वर्षीची. पाटीचा खांब रोवलाय, चौकट बसवलीये, आणि चौकट रिकामी आहे. परवा मी विचारलं, "भाऊजी, कधी लिहिणार? मला त्या चौकटीतून झाडं दिसतात रोज."

"वाळू नक्की कुठल्या किनाऱ्याची ते कळू दे, वहिनी. शिंपल्यांचा एक जाणकार सापडलाय, पण दुसरा सापडायचाय."

"आणि तोवर?"

त्यांनी चष्मा पुसला. "एक ओळ तयार आहे. ती बदलणार नाही."

"कुठली?"

"'या गाडीत माणसं बसायची.'"

"बहुधा?" मी म्हटलं. सवय.

"नाही," ते म्हणाले, आणि काळा पडदा सारून आत गेले. गिऱ्हाईक खोळंबलं होतं.